पळा, बाहेर पळा!

आता काय सांगू तुम्हाला, त्या डोंगरावर मी माझ्याच हातानं माझी काय शोभा करून घेतली! चहा घ्या आधी. मला अजून आठवलं की डोकं तापतं.

किल्लारीच्या भूकंपाला थोडी वर्षं झाली होती. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. सातवीची सहल बालाघाटच्या डोंगरात नेऊ, दगडमाती दाखवू, एवढंच म्हणालो तर पालक अंगावर आले! कापडदुकानवाले रशीदभाई म्हणाले, "सर, डोंगरात काय मार्क पडून राहिले का? आमच्या नीलोफरचा क्लास बुडतो ना!"

असा संताप आला! विज्ञान काय फळ्यावर उगवतं?

हेडमास्तरांनी तोडगा काढला. "भाईंना संगं न्या. त्यांना पटलं तर दरसाल सहल. न्हाईतर कायमची बंद!"

मग काय, डोंगरमाथ्यावर मी भाईंकडे रोखून बघतच शिकवलं. काळा खडक दाखवला. तिथून भूकंपावर आलो. "घाबरायचं नाही! मोकळ्या जागी असाल तर तिथंच खाली बसायचं. धावपळ मूर्ख करतात. कळलं?"

"हाव सर!" पोरं एका सुरात म्हणाली.

तेवढ्यात पायाखालची जमीन धडाडली!

अहो, त्या भूकंपानंतर आमच्याकडं सवयच जडलेली. भांडं वाजलं तरी अख्खं घर अंगणात! माझे पाय मला विचारतात थोडेच? "पळा! बाहेर पळा!" मी बोंबललो आणि सुटलो. कुठं? कोण जाणे! थेट बोरीच्या काट्यात जाऊन पडलो.

वळून बघतो तर सगळी सातवी जिथल्या तिथं खाली बसलेली.

"सर," नीलोफर ओरडली, "बाहेरच तर बसलोय की आपण!"

भूकंप कसला! पलीकडच्या खदानीत सुरुंग उडवला होता. मी खदानवाल्याला शिव्या घातल्या, बोरीला घातल्या, स्वतःला घातलेल्या तर मोजूच नका. रशीदभाई गुपचूप माझ्या सदऱ्यातले काटे काढत होते. गेली आपली सहल, मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी विचारलं, "काय भाई, सहल बंद करायची?"

"न्हाई न्हाई! पोरं लई शिकली. दरसाल न्या."

माझी छाती फुगली. तोवर भाई दारापर्यंत गेले, थांबले आणि वळून म्हणाले, "क्लास तेवढा सरांना लावा!"