जात्याच्या खुंट्यावरचा माझा हात

मायला लकवा मारला तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. उजवं अंग गेलं. जुन्या जालन्यातल्या दवाखान्यात एक म्हातारे डॉक्टर होते, उर्दू बोलायचे. महिन्याभरानं दादा, म्हणजे माझे वडील, तिला परत दाखवायला घेऊन गेले, मी संगं होते. हात आता खांद्याइतका वर जातो, असं दादा सांगायला लागले तर डॉक्टरांनी त्यांना थांबवलं. "हाथ कितना उठता, वो मत बोलो. घर में खुद क्या क्या करती, वो बोलो." दादांना काय ठाऊक? मंग डॉक्टरांनी मला सांगितलं, मायनं कुणाच्या मदतीबिगर केलेल्या हर एक कामाची रोज एक रेघ ओढायची.

चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा सुरू झाल्या. भाजी निवडली, एक. लुगडं नेसली, एक. त्यातच टेंभुर्णीहून आत्या आली, दादांची थोरली बहीण. तिचा शब्द घरात कुणी मोडत नसे. दाराआडून मी ऐकलं. ती सांगत होती, घर सांभाळायला बाई लागते, दसऱ्यापर्यंत बघ, न्हाई तर माझ्या दिराची पोरगी आहे. दादा हो म्हणाले न्हाईत, न्हाईसुद्धा म्हणाले न्हाईत.

मायच्या हातनं कामं झाली न्हाईत तर दसऱ्याला घरात नवी माय येणार, इतकं मला कळलं.

आता जातं ओढताना खुंट्याला दोघींचे हात असतात, जोर कुणाचा ते बघणाऱ्याला कळत न्हाई. मी मायच्या संगं बसायची, सगळं बळ लावून ओढायची आणि रेघ मायची मांडायची. चुलीवरचा तवा मी उतरवायची, रेघ मायची. भिंत काळी झाली. माय नुसती बघायची.

दसऱ्याच्या तोंडावर आत्या आली. भिंतीवरच्या रेघा कशाच्या ते विचारून म्हणाली, "बराबर. मंग उद्या सकाळी एकटीला दळू दे. मी बसते समोर."

संध्याकाळी रडत रडत मायला सगळं सांगितलं. तिची जीभ अजून जड होती. सावकाश म्हणाली, "ठाऊक हाय मला. तू भिऊन मला कामच करू दिलं न्हाईस, बाई." मंग ओलं फडकं घेऊन माझ्या रेघा पुसायला लावल्या. तिच्या अशा पाच-सातच उरल्या.

सकाळी आत्यानं भिंतीचं विचारलं. माय म्हणाली, "पोरीच्या होत्या, वन्सं. पुसल्या." आणि जात्यापाशी बसली. डावा हात खुंट्याला, उजव्या हातानं ज्वारी टाकायची. निम्मी ज्वारी भुईवर. जातं अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. मी उठले, तर आत्यानं खांदा दाबून खाली बसवलं. घरघर व्हायची, बंद पडायची. बंद पडली की मला वाटायचं, संपलं आता. नवी बाई दिसायची मला, चुलीपुढं बसलेली.

ऊन अंगणात उतरलं तोवर एका भाकरीपुरतं पीठ झालं, तेही भरड. आत्यानं ते चिमटीत धरून बघितलं. भाकरी तिनंच थापली, अर्धी मायला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. निघताना दादांना म्हणाली, "दिवाळीपर्यंत थांब."

बस, इतकंच. मी भिंतीवर मायची एक रेघ ओढली. मंग दिवाळीपर्यंत रोज, माय दळायची तेव्हा मी समोर बसायची, दोन्ही हात मांडीखाली दाबून.