उघड्या डब्यातलं ब्रेक ऑइल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दारूत नाही, गोदाकाठी कान धरून देवालाही नाही. आणि मी कोण? द्वारका ते सातपूर, अख्ख्या नाशकात माझ्याइतका बडबड्या गॅरेजवाला शोधून दाखवा! गिअरबॉक्समधून जिवंत नाग काढल्याची माझी गोष्ट ऐकताना लोकांच्या हातातला चहा गार होतो. नाग नव्हता, सुतळी होती. पण ते सोडा, त्या थापेनं कुणाचं वाटोळं झालं नाही.

दुसऱ्या थापेनं झालं.

आधी ब्रेक ऑइलचं ऐका, म्हणजे माझा नालायकपणा नीट कळेल. हे तेल हवेतलं पाणी पितं. डब्याचं सील फोडलं की लवकर वापरायचं, उरलं तर फेकून द्यायचं. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला नव्हतं? अहो, गिऱ्हाइकांना यावर भाषण मीच ठोकायचो! आणि माझ्याच फळीवर एक अर्धा डबा, झाकण ढिलं, गळक्या पत्र्याखाली अख्खा पावसाळा पाणी पीत बसलेला. फेकवत नव्हता मला. शेजारीच सीलबंद डबा होता. हे विसरू नका — शेजारीच होता.

दिवाळीनंतर सुरगाण्याचा देवराम जीप घेऊन आला. द्राक्षांच्या कामाला निफाडकडं मजूर पोचवायचे, हा त्याचा धंदा. हंगामाआधीची सर्व्हिसिंग माझ्याकडं.

"शेठ, ब्रेकचं तेल बदलून टाका. माणसं भरायची हायेत."

माणसं. त्यानं तोंडानं सांगितलं होतं मला! माझा हात सीलबंद डब्यावर टेकलाही होता. मग मनात आलं — हा कॉलेज रोडच्या डॉक्टरसाहेबांच्या नव्या गाडीला ठेवू. ही डोंगरातली जीप, हिला काय कळतंय? आणि हात शेजारी सरकला. तो हात आज तोडून टाकावासा वाटतो, पण त्याच हातानं जेवतो मी रोज.

पहिल्याच खेपेला घाट उतरताना ब्रेक तापले, तेलातल्या पाण्याची वाफ झाली आणि पेडल थेट तळाला. देवरामनं जीप डोंगराच्या अंगानं घासत नेली, रस्त्याकडेच्या चारीत घातली. सगळे वाचले. त्याच्या मेहुणीचा हात मोडला तेवढा. "तेवढा"! बघा, अजून शब्द कसे निवडतो मी!

जीप ओढून माझ्याकडंच आणली. आता ऐका, ब्रेक गार झाले की वाफेचं परत पाणी होतं आणि पेडल पुन्हा दगडासारखं टणक. मला हे माहीत होतं. त्याला नव्हतं. गॅरेजात चार गिऱ्हाइकं बसलेली.

"शेठ, पेडल पार खाली गेला व्हता. तेलात काय खोट व्हती का?"

"बस आत. दाब."

त्यानं दाबलं. टणक. पुन्हा दाबलं, पुन्हा टणक. तो पेडलकडं असा बघत राहिला, जणू त्याच्याच पायानं त्याला फसवलं होतं.

"घाटात न्यूट्रल करून गाडी नुसती ब्रेकवर सोडली होतीस ना? डिझेल वाचवायला?"

"नाय शेठ. दुसऱ्या गिअरात व्हतो, पोरांची शपथ."

"मग पेडल काय भुतानं ओढलं?"

लोक हसले. आणि हसणं ऐकलं की मला चढते. "नाना, पुढं काय झालं?" कुणीतरी म्हणालं, आणि मी सुटलो — इंजिन बंद, एका हातात भजी, दुसऱ्यात मोबाईल, स्टीअरिंग गुडघ्यावर! मागं बाया देवाचा धावा करतायत आणि हा त्यांनाच दम देतोय, "गप बसा, डिझेल वाचतंय!" त्याच्यासमोर. तो उभा असताना. एकालाही वाटलं नाही हो, की त्याला विचारावं? हसत होते साले! त्यांच्यावर मी आजही खवळतो. पण त्यांना हसवत कोण होतं?

तो गेल्यावर सगळं तेल काढून मी गटारात ओतलं आणि सीलबंद डबा फोडून त्यातलं भरलं. कसं काय, तेव्हा बरोबर डबा सापडला?

माझी गोष्ट जीपच्या आधी सुरगाण्याला पोचली. माणसं त्याच्या जीपमध्ये बसेनात. हंगाम संपायच्या आत त्यानं जीप विकली. पुढच्या वर्षी हातात कात्री घेऊन तो दुसऱ्याच्या जीपमध्ये मागं दाटीवाटीनं बसून निफाडला गेला, द्राक्षं काढायला.

गेल्या हंगामात तो मला निफाडच्या टपरीवर भेटला. बरोबरचे मजूर त्याला म्हणाले, "देवराम, ती भज्यांची सांग ना!" आणि त्यानं सांगितली. भजी, मोबाईल, गुडघा — सगळी. स्वतः हसत. मग उठून माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, "शेठ, लय इचार केला मी. न्यूट्रलच पडला असंल माझ्या हातून. तुमच्या तेलावर उगाच आळ घेतला तवा."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "जाऊ दे रे देवराम. मी मनात ठेवलं नाही."

माफ केलं मी त्याला. वर चहा पाजला.