वैयक्तिक मजकूर नको

आमच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांना मुलं पाठीमागे 'खोडरबर' म्हणायची. खरं तर सर खोडायचे लाल पेनाने, पण टोपणनाव एकदा चिकटलं की चिकटलं. मी चित्रकलेची बाई. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी, त्यामुळे मुलांच्या वह्यांतलं त्यांना आवडलेलं आणि न आवडलेलं सगळं मला ऐकून घ्यावं लागे.

नववीच्या मुलांकडून ते दर वर्षी लोकप्रतिनिधींना पत्रं लिहून घ्यायचे. विषय ज्याचा त्याने निवडायचा. कुणाला बंद पडलेलं वाचनालय उघडून हवं असायचं, कुणाला मैदानावर मुलींसाठी वेगळी वेळ. एका पठ्ठ्याने भटक्या कुत्र्यांची बाजू इतक्या पोटतिडकीने मांडली होती, की मला हसूच आवरेना. सरांनी डोळे वटारले. "हसताय काय? उद्या हीच पोरं मतदार असणार आहेत." शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला दारं लागली ती अशाच एका पत्रामुळे. त्या दिवशी सर असे मिरवत होते, जणू सुतारकाम त्यांनीच केलं होतं.

त्यांचा नियम मात्र कडक. पत्रात घरचं रडगाणं नको. "सगळ्यांचं म्हणून लिहा. स्वतःचं सांगत बसलात की हात पसरल्यासारखं होतं." त्यांच्या वडिलांचा जन्म कुणाच्या ना कुणाच्या दारात उभं राहून 'साहेब, एवढं करा' म्हणण्यात गेला होता. लहानपणी सरही सोबत उभे असायचे. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. आपल्या हाताखालून गेलेल्या एकाही मुलाने तसं उभं राहू नये, एवढीच त्यांची धडपड.

त्या वर्षी वर्गात एका रंगाऱ्याची मुलगी होती. अबोल, पण अक्षर टपोरं. बापाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि डायलिसिससाठी त्याला दूरच्या रुग्णालयात न्यावं लागायचं, दोन बस बदलून. तिने लिहिलं होतं, 'परत येताना बाबांना उभं राहवत नाही. थांब्यावर ते जमिनीवरच बसतात आणि मला ते उचलवत नाहीत. रुग्णालयापर्यंत सरळ बस सुरू करा.' सरांनी बाबांच्या ओळींवर लाल रेघ मारून समासात 'वैयक्तिक' असं लिहिलं. मग पत्र असं झालं, 'आमच्या परिसरातील रुग्णांची गैरसोय होत आहे, तरी थेट बससेवा सुरू करावी ही विनंती.' मला दाखवून म्हणाले, "बघा, कसं भारदस्त झालं!" त्यांनी बदललेलं तेवढंच दाखवलं. मीही मान डोलावली.

उत्तर आलं. छापील. 'आपली मागणी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.' सरांनी त्याची प्रत वर्गातल्या फळ्याशेजारी टाचणीने लावली आणि उत्तराचं मूळ पत्र मुलीला घरी न्यायला दिलं. त्यानंतर रंगाऱ्याची रुग्णालयाची एक फेरी चुकली, मग आणखी एक. मुलगी शाळेत येईनाशी झाली, आणि एका सकाळी तिच्या वर्गातल्या मुलांनीच येऊन सांगितलं, की तो गेला.

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एक बस देता येत नाही यांना?" म्हणत ते आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधी बाईंच्या कार्यालयाकडे निघाले. त्यांच्या जिभेला लगाम घालायला म्हणून मी सोबत गेले. बाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं, पत्र काढायला सांगितलं आणि वाचून ते आमच्यापुढे सरकवलं.

"सर, बस सुरू करायची म्हणजे चार खाती हलवावी लागतात. त्याला वेळ लागतोच. पण आजाऱ्यांना न्यायला आमची गाडी आहे की. घरापासून नेते, घरी आणून सोडते. यात कुणा आजाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. 'रुग्णांची गैरसोय' म्हटल्यावर मी गाडी कुणाच्या दारात पाठवू?"

सरांनी पत्र पुन्हा वाचलं आणि ते उठले. बाहेर आल्यावर म्हणाले, "तिला सांगायला हवं."

मी चिडले. "आता सांगून काय मिळणार? तुमचं मन हलकं करायला पोरीच्या जिवाला कशाला घोर?" मला अजूनही वाटतं, तेव्हा माझंच बरोबर होतं. त्यांनी ऐकलं नाही.

घराच्या दाराशी रंगाचे डबे एकावर एक रचून ठेवले होते. आई कामावर गेली होती. मुलीने आम्हाला खाटेवर बसायला सांगितलं, पण सर उभेच राहिले. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. गाडीचं, खोडलेल्या ओळींचं. काही गाळलं नाही.

"म्हणजे बाबांचं त्यांना कळलंच नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही. माझ्यामुळे."

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. मला वाटलं आता रडेल, निदान रागावेल तरी. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बाबांना मी सांगितलं होतं, तुमचं सगळं लिहिलंय म्हणून," ती म्हणाली. "खोडलंय ते नाही सांगितलं. किती खुश झाले होते. रोज विचारायचे, आलं का गं उत्तर?"

सरांनी दाराची चौकट धरली.

"उत्तर आलं ते मी वाचून दाखवलं. म्हणाले, माझं एवढं सगळं वाचून असं लिहिलं होय? मग राहू दे. आणि पुढच्या फेरीला मी किती हाका मारल्या, पण ते जायला उठलेच नाहीत."