एका कोयत्याचा एक ठिपका

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. संस्थेत सगळ्यांना मी सांगून टाकलं होतं की त्या दिवशी मशीननं चुकीचं उत्तर दिलं. खालची ओळ मी वाचलीच नव्हती, असंही स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. वाचली होती. मोठ्यानं वाचली नव्हती, एवढंच.

मानोऱ्याला आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. आजूबाजूच्या तांड्यांवरून ऊसतोडीला गेलेलं माणूस कुठं आहे, हे मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना सांगता यावं म्हणून आम्ही नोंदी ठेवतो. आधी रजिस्टरं होती. मग तीच माहिती कॉम्प्युटरवर जाळ्यासारखी मांडली. प्रत्येक माणूस एक ठिपका, आणि आई, नवरा, टोळी, कारखाना, दवाखाना, ज्याच्याशी संबंध तिकडे एक रेघ. नॉलेज ग्राफ म्हणतात त्याला. आपण साध्या मराठीत प्रश्न टाकायचा. एआय एजंट त्या जाळ्यात रेघारेघांवरून शोधत जातो आणि उत्तर लिहितो. कशावरून लिहिलं, तेही खाली देतो.

माहिती भरायचं काम माझं. रेशनकार्डांवरून मी एकेक माणूस भरला. मग टोळ्या घेऊन जाणाऱ्या मुकादमांच्या याद्या आल्या. त्यांत माणसं नसतात, कोयते असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको; नाव नवऱ्याचं, हजेरी दोघांची मिळून एक. माझे ठिपके यादीच्या दुप्पट भरायला लागले. शेजारच्या टेबलावरचा हसला. "येवढं बारीक कायले करून राह्यला गा? कोयता म्हंजे दोघं. मुकादमाले कयते, तुले काहून नाही कयत?"

मला पटलं. जोडी निवडली की कॉम्प्युटर विचारायचा, ह्या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का? मी होय दाबत गेलो. एका दुपारीच सगळ्या टोळ्यांच्या बायका नवऱ्यांच्या ठिपक्यांत गेल्या. नाव शोधलं तर सापडत होतं. म्हणून काही बिघडलंय असं वाटलंच नाही.

पौषात एक म्हातारी आली. तांड्यावरून पायी आली होती, चप्पल दाराबाहेर काढून.

"भाऊ, माह्या पोरीचा फोन लागून नाही राह्यला. आठ दिवस झाले. जावई म्हणते बरी हाय, पण बोलू देत नाही."

"बसा मावशी. नाव सांगा पोरीचं."

"तुह्या या टीव्हीत दिसन का ते?"

"दिसत नाही, पण कुठं आहे ते सांगतं हे."

"मंग जेवली का, ते इचार बरं त्याले पयले."

आम्ही दोघंही हसलो. मी प्रश्न टाकला. उत्तर आलं: ही व्यक्ती टोळीसोबत कारखान्यावर आहे, कालची हजेरी लागलेली आहे. त्याखाली आणखी एक ओळ होती. याच नावाच्या, याच तालुक्यातल्या एका बाईची कारखान्याजवळच्या दवाखान्यात भरती झाल्याची नोंद आहे. मात्र ही व्यक्ती कामावर हजर असल्यामुळे ती बाई वेगळी असावी, खात्री करून घ्यावी.

जेवायची वेळ झाली होती. डबा उघडून ठेवला होता. ह्या नावाच्या बाया प्रत्येक तांड्यावर दोन-चार असतात, असं मनात आलं. दवाखान्यात एक फोन करायचा होता फक्त.

"कामावर आहे मावशी. कालची हजेरी आहे."

"बरं झालं बाप्पा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन ती कारखान्यावर निघणार होती. ते तिनं रद्द केलं.

पोरगी दवाखान्यात होती. अर्धा कोयता टोळीत ठेवत नाहीत, म्हणून नवऱ्यानं आपल्या बहिणीला बोलावून जोडी पुरी केली होती. हजेरी लागत होती ती त्या दोघांची. चार दिवसांनी पोरगी गेली. जवळ कोणी नव्हतं.

मला रडू वगैरे आलं नाही. मी सगळे कोयते परत सुटे केले, एकेक बाई वेगळी, आठवडाभर तेच. मग तोच प्रश्न पुन्हा टाकला. आईच्या ठिपक्यावरून मुलीचा, मुलीवरून दवाखाना. दोन रेघा. भरतीची तारीख आई आमच्याकडे आली त्याच्या आठ दिवस आधीची. मी स्क्रीन बंद करून चहाला गेलो.

ती आता नातीच्या शाळेच्या कागदांसाठी येते. खुर्ची दिली तरी खालीच बसते. मागच्या खेपेला म्हणाली, "तुही काय चूक, भाऊ. मशीनच ते." मी मान हलवली आणि अर्ज भरून दिला.

त्या दुपारी, ती माझ्यासमोर बसलेली असताना, तिची पोरगी जिवंत होती. कुठं आहे, ते माझ्यासमोर लिहिलेलं होतं. आई निघाली असती तर पोचली असती. हे तिला माझ्या तोंडून सांगायचं अजून बाकी आहे.