सुस्वागतम् कोणत्या रंगात?

कशेळ्याच्या बाजारातून आत्ताच आलेय. पिशवीसुद्धा अजून रिकामी केली नाही.

डोंगरावरच्या वाडीची जुनी पायवाट आमच्या सोसायटीतूनच जायची. कमिटीने ती बंद केलीय. वाडीच्या लोकांनी आता कंपाउंडला वळसा घालून जायचं.

आज गेटवर एक म्हातारी आली, डोक्यावर लाकडांची मोळी. वॉचमन काळूने तिला अडवलं. "आये, मागनं जा गं."

त्याची सख्खी आई!

मी म्हटलं, "अरे, सोड ना तिला."

तीच म्हणाली, "नको गं बाय. माज्यापायी तुमी लोकं त्याला वरडाल."

आणि गेली.

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून एकच चर्चा चाललीय. गेटवर 'सुस्वागतम्' सोनेरी अक्षरांत लिहायचं की निळ्या? सगळे माझं मत विचारतायत. थकले बाई. तुम्हीच सांगा, कोणता रंग कळवू?