पलटणीतल्यांच्या मुली

माझ्या चुलत बहिणीचा मी जितका हेवा केला, तितका जन्मात कुणाचा केला नाही. आणि त्याला कारण सरकार होतं, हे मी आजही ठासून सांगते.

कुरुळीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिचे वडील, म्हणजे माझे तात्या, आणि माझे वडील, आबा, एकाच दिवशी पलटणीत भरती झालेले, लढाई चालू असताना एकाच वेळी रजेवर आलेले. रजा संपली तसे तात्या परत गेले. आबा राहिले, कारण कांदा काढायचा होता. चार दिवसांनी जातो, आठ दिवसांनी जातो, असं करता करता लढाईच संपली. आबा म्हणाले, आता कशाला जायचं? खळं उरकल्यावर राखणीला कोण बसतं? हिशेब सरळ होता, पण तो आमच्या रानातला, पलटणीतला नव्हे. तात्या रीतसर सुटून आले आणि माजी सैनिक झाले. आबा पळपुटे ठरले.

पुढं स्वराज्य आलं, आणि सरकारला सैनिकांचा असा काही पुळका आला की विचारू नका. दर वर्षी नवी सवलत. तात्यांना पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या फाटकावर नोकरी, काकूला शिवणयंत्र. ते यंत्र दिवसभर भिंतीपलीकडं खडखडायचं आणि इकडं आई भाकरी अशी थापायची की परातीला पोचे पडावेत. मी तर जळून खाक व्हायचे. काकूनं मला एक पोलकं हौसेनं शिवून दिलं, तेही मी कितीतरी दिवस अंगाला लावलं नाही.

मग ते वसतिगृह निघालं. सैनिकांच्या मुलींसाठी, पुण्यात; राहणं, जेवण, शाळा, सगळं फुकट. आम्ही दोघी सातवी पास झालेल्या, मार्क माझे जास्त आणि जागा तिला! माझी शाळा संपली, आता स्थळ बघायचं, असं घरात चाललं होतं. मी रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी आई आबांच्या मागं लागली, की सवलती वाढल्यात तर विचारायला काय जातं, लढाईत तुम्ही काय बांगड्या भरून बसला होता? आबांना भीती एकच, नाव सांगितलं की धरून नेतील. गावात लष्कराची गाडी आली तरी ते रानात निघून जायचे. पण माझ्याकडं बघून म्हणाले, विचारून बघू.

तात्यांची कारखान्यात पाळी होती, म्हणून बहिणीला पुण्याला पोचवायचं काम आबांकडं आलं. कांद्याची गाडी न्यायचीच होती. तिची पत्र्याची नवी ट्रंक पोत्यांवर, माझे कपडे आईनं बांधून दिलेल्या गाठोड्यात. वाटभर ती बडबडत होती, मी फुगून बसले होते.

वसतिगृहाच्या बाई पोक्त होत्या, आवाज मऊ. बहिणीला आत पाठवून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"ही पण सैनिकाचीच का? एक जागा आहे अजून."

मी गाठोडं छातीशी धरलं. आबा टाचा जुळवून ताठ उभे होते. बाई हसल्या. "तुम्ही पलटणीतलेच दिसता. उभं राहण्यावरून कळतं."

आबांचे खांदे एकदम पडले. त्यांनी मुंडासं काढून हातात घेतलं.

"न्हाई बाई," ते म्हणाले, "आमी कांदेवाले."

आम्ही परत निघालो. मला त्यांचा असा राग आला होता, की भोसरी येईपर्यंत मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं तेव्हा मुंडासं तसंच त्यांच्या मांडीवर होतं, परत बांधलंच नव्हतं. राग तिथंच गेला. बहिणीचा हेवा मात्र तसूभर कमी झाला नाही. तात्यांनी असं जास्तीचं काय केलं होतं? कांदा टाकून गेले, एवढंच ना.

आई दारातच होती. आबांनी विचारलं का, काय म्हणाले, असं तिनं मलाच विचारलं. आबा खाली मान घालून जू उतरवत होते.

"विचारलं की आबांनी," मी म्हणाले. "जागा भरल्या होत्या."

आई सरकारच्या नावानं बोटं मोडत आत गेली. आबा बराच वेळ बैलांपाशीच उभे राहिले.