माया ठेवा, अण्णा!

शिवणकामात चिंध्या साठतात, तसे शूटिंगमध्ये किस्से साठतात. टाकवतही नाहीत, आणि घरी सांगायला बसलं की नवरा म्हणतो, "पुन्हा तुझं ते वजनाचं?" म्हणून तुम्हाला सांगते.

बंगळुरूजवळ बोम्मसंद्र्याला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये वजन कमी करण्याच्या रिअ‍ॅलिटी शोचं शूटिंग चालायचं. मी कपड्यांच्या खात्याची प्रमुख. माझ्या हाताखाली, खरं तर डोक्यावर, श्यामण्णा. शिवाजीनगरात चाळीस वर्षं मशीन चालवलेले टेलर, घरी आमच्यासारखंच बंगळुरी मराठी.

डायरेक्टर साहेब मुंबईचे. त्यांची पहिलीच ऑर्डर आली, "पहिल्या एपिसोडला सगळ्यांना एक नंबर लहान टीशर्ट. शेवटच्या एपिसोडला बरोब्बर मापाचा!"

म्हणजे अर्धं वजन आम्हीच उतरवायचं! श्यामण्णा गळ्यातली टेप सारखी करत म्हणाले, "मग ट्रेनर कशाला ठेवलाय, सार? त्याचा पगार मला द्या की!"

*

शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, माणूस अंगाने भरला की उसवून मोठं करता यावं म्हणून. त्याला आम्ही माया म्हणतो.

एकदा गडबडीत मी फ्लोअरवरूनच ओरडले, "अण्णा, माया कापू नका हं!"

डायरेक्टर पांढरे पडले. "ये माया कौन है? कौन काट रहा है उसे?"

पाच मिनिटं अख्ख्या शेडमध्ये मायाची शोधाशोध. स्पर्धकांच्या यादीत नाही, क्रूच्या यादीत नाही. एका असिस्टंटने तर वॉकी-टॉकीवर छातीठोकपणे कळवलं, "सर, माया मॅम लंच को गई है!"

*

आता शारदक्का. चामराजपेटची, पंचावन्नची, घरी पापड करून विकणारी. ऑडिशनला सगळ्यांना एकच प्रश्न होता, वजन का कमी करायचंय? कोणी म्हणालं कॉन्फिडन्स, कोणी म्हणालं जीन्स.

शारदक्का म्हणाली, "गच्चीवर जायला."

तिच्या घरापासून गच्चीपर्यंत चाळीस पायऱ्या. गुडघ्यांमुळे दोन वर्षांत ती वर गेली नव्हती. वाळवण सून घालायची. "पापड माझे," ती म्हणाली, "आणि ते वाळताना मला दिसत नाहीत. सरी आहे का हे, बरोबर आहे का?"

मला ती तिथेच आवडली.

*

शोवाल्यांना मात्र तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. रडणं!

मोठा आरसा आणला, दिवे मंद केले, मागे व्हायोलिन. डायरेक्टर हळू आवाजात म्हणाले, "अक्का, स्वतःकडे बघा. काय वाटतं?"

शारदक्काने नीट बघितलं. पुढून, मग बाजूने. "ब्लाउज छान बसलाय. श्यामण्णा, डावी बाही तेवढी स्वल्प सैल करा."

कट! असे सात टेक झाले. शेवटी डायरेक्टर हात जोडून म्हणाले, "अक्का, थोडासा रो दो ना!"

"थोडंसं जमत नाही हो मला. एकदा सुरू झाले की तुमचा जेवणाचा ब्रेक जाईल."

*

शेडच्या मागे वीस पायऱ्यांचा लोखंडी जिना होता. सकाळी सगळे यायच्या आधी शारदक्का तिथे असायची. पहिल्या आठवड्यात सहा पायऱ्या. मग दहा. एका सकाळी ती वीस चढून उतरली, टेकली, पाणी प्यायली आणि पुन्हा वीस चढली. खाली मी आणि श्यामण्णा. आम्ही वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

डायरेक्टर धावत आले. "सुपर! आता एकदा कॅमेऱ्यासाठी!"

शारदक्का कठड्याला धरून म्हणाली, "छे हो! कॅमेऱ्याला कुठे गच्चीवर जायचंय?"

*

फायनलच्या ब्लाउजचं माप घेताना वरून निरोप आला, माया नको, अगदी चापून बसवा. शारदक्काने श्यामण्णांचा हात धरला. "माया ठेवा, अण्णा. पापडाचं पीठ चाखल्याशिवाय कळत नाही, आणि चाखलं की अंग भरतं."

त्यांनी ठेवली. दोन्हीकडे, दोन-दोन बोटं.

फायनलला स्टेजवर पहिल्या दिवशीच्या फोटोंचे माणसाएवढे कटआउट उभे केले होते. आमच्या गावात कटआउट नटांचे नाहीतर पुढाऱ्यांचे, त्यांना हार घालतात. इथे उलटं! स्वतःचा कटआउट फाडायचा आणि ओरडायचं "गुडबाय!" जो फाडणार नाही, तो ट्रॉफीतून बाद.

सगळ्यांनी टराटरा फाडले. शारदक्का आपल्या कटआउटसमोर उभी राहिली. त्यात तिच्या अंगात तो एक नंबर लहान टीशर्ट होता, मी दिलेला. मला खरंच लाज वाटली.

"हिला का फाडू?" ती म्हणाली. "दोन पोरं हिने वाढवली. इतकी वर्षं पापड हिने लाटले. हिने माझं काय वाईट केलंय?"

"अक्का, ट्रॉफी जाएगी!"

"जाऊ दे. ही मला घरी न्यायला द्या."

श्यामण्णा टेपच्या टोकाने डोळे पुसत होते. मला इतका अभिमान वाटला की माझी आईच स्टेजवर आहे असं वाटलं.

टीव्हीवर यातलं काहीच आलं नाही. शारदक्का जिन्यापाशी घाम पुसताना कोणीतरी लांबून गुपचूप टिपलेला शॉट लावला, वर व्हायोलिन, खाली पट्टी, 'शारदा कोसळली!' आणि ट्रॉफी दुसऱ्याला.

*

महिन्याभराने तिचा फोन आला, "पापड न्यायला ये."

चामराजपेटला पोचले. सून म्हणाली, अत्ते, म्हणजे सासूबाई, वर आहेत. चाळीस पायऱ्या चढताना माझाच दम निघाला. वर लख्ख ऊन, ओळीने पापड, आणि शारदक्का मांडी घालून बसलेली. शेजारी पाण्याच्या टाकीला टेकून तो कटआउट, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेला.

"कावळे हाकलायला का?" मी धापा टाकत विचारलं.

"छे!"

"मग एवढं धूड वर कोणी आणलं?"

"मीच." तिने एक पापड उलटला. "तिलाही गच्ची बघायची होती ना."